राग वेळेवर यायला हवा

कॉलेजच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी असा फोटो येऊन पडतो. शाळेच्या ओळखपत्रावरून काढलेला, थोडा धुरकट, कडेने कापलेला. खाली ओळ असते, ‘हरवला आहे, जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.’ तुम्ही तो पुढे पाठवता. कुणीतरी हात जोडलेली इमोजी टाकतं. तासाभरात त्यावर सबमिशनच्या तारखा, मॅचचा स्कोअर आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येऊन बसतो. ते मूल पुढे सापडलं की नाही, हे कळत नाही. खरं सांगायचं तर आपण विचारतही नाही.

मग कधीतरी एखादी बातमी वेगळं वळण घेते. मूल सापडतं, पण जिवंत सापडत नाही. आईवडील कॅमेऱ्यासमोर सांगतात, ‘आम्ही त्याच रात्री पोलीस स्टेशनला गेलो होतो, आम्हाला परत पाठवलं.’ तेव्हा मात्र आपण पेटतो. स्टोऱ्या लागतात, मेणबत्त्या निघतात, ‘फाशी द्या’चे फलक रंगतात. पोलिसांना शिव्या घालण्यात कुणीच मागे राहत नाही.

हा राग खोटा नाही. तो यायलाच हवा. ज्या समाजाला मूल हरवल्यावरही राग येत नाही, त्या समाजाबद्दल बोलण्यासारखं काही उरत नाही. तक्रार एवढीच आहे की आपला राग उशिरा येतो. आणि उशिरा आलेल्या माणसासारखा उशिरा आलेला रागही फार घाईत असतो. त्या उशिराची आणि त्या घाईची किंमत कोण मोजतं, हे पाहायचं असेल तर निठारीची गोष्ट पुन्हा एकदा नीट ऐकायला हवी.

नोंदच नव्हती

२००६ साली तुमच्यापैकी बरेच जण एक तर जन्मले नव्हते किंवा पाळण्यात होते. निठारी हे नाव तुम्ही एखाद्या ‘क्राइम स्टोरी’च्या व्हिडिओतच ऐकलं असेल. ते व्हिडिओ नाल्यात सापडलेल्या कवट्यांपासून सुरू होतात. खरी गोष्ट त्याच्या दीड-दोन वर्षं आधी सुरू झाली होती.

निठारी हे दिल्लीला लागून असलेल्या नोएडातलं मूळचं खेडं. आजूबाजूला शहर वाढलं, बंगल्यांचे सेक्टर उभे राहिले आणि खेडं मध्येच अडकून राहिलं. बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायका, इस्त्रीवाले, रिक्षावाले, बांधकामावरचे मजूर तिथे भाड्याच्या खोल्यांत राहायचे. त्यातले कितीतरी बिहार-बंगालकडून पोटासाठी आलेले. २००५ पासून या वस्तीतली मुलं नाहीशी होऊ लागली. आईबाप पोलीस चौकीत जायचे. कुणाची तक्रार लिहूनच घेतली गेली नाही. कुणाची घेतली गेली, तर ती कागदावरच राहिली. मुलगी जरा मोठी असेल तर ‘गेली असेल कुणाबरोबर पळून’ असं तिच्या बापाला ऐकवलं गेलं.

एकाच परिसरातून एकामागून एक मुलं जात आहेत, हे वस्तीतल्या लोकांना दिसत होतं. पोलिसांच्या दप्तरात मात्र ते दिसत नव्हतं, कारण तिथे नोंदच नव्हती. हा मुद्दा नीट लक्षात घ्या. गुन्हा नोंदवला नाही तर तपास होत नाही, एवढं आपल्याला कळतं. पण त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. दहा घरांतून दहा मुलं गेली आणि एकाचीही धड नोंद झाली नाही, तर ती दहा वेगवेगळी दुःखं राहतात. त्याच दहा नोंदी एका रजिस्टरमध्ये एकाखाली एक आल्या, तर कोणत्याही शहाण्या अधिकाऱ्याच्या अंगावर काटा येईल आणि तो विचारेल, या गल्लीत चाललंय तरी काय?

शेवटी धागा कुठे सापडला? बेपत्ता झालेल्या एका तरुणीचे वडील, पोलीस दाद देत नाहीत म्हणून न्यायालयात गेले. न्यायालयाच्या आदेशानंतर ऑक्टोबर २००६ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. तिच्या मोबाइलचा माग काढत काढत पोलीस सेक्टर ३१ मधल्या डी-५ या बंगल्यापर्यंत पोहोचले. २९ डिसेंबर २००६ ला बंगल्यामागच्या नाल्यातून कवट्या आणि हाडं बाहेर आली. ती शोधायला वस्तीतली माणसं स्वतः उतरली होती. म्हणजे दीड-दोन वर्षं ज्यांना चौकीच्या पायरीवरून परत पाठवलं, त्यांनाच आपल्या मुलांची हाडं हातांनी उकरावी लागली.

त्याच नोएडात, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लहान मुलाचं अपहरण झालं होतं. सगळी यंत्रणा हलली, चॅनेलवर दिवसरात्र तीच बातमी होती आणि आठवड्याच्या आत ते मूल सुखरूप घरी आलं. ते आलं याचा आनंदच आहे. प्रत्येक मुलासाठी तसंच व्हायला हवं. पण त्यामुळे एक सबब कायमची खोटी ठरली. पोलिसांना जमत नाही, असं नव्हतं. जमत होतं. फक्त कुणासाठी जमवायचं, हे मुलाच्या पत्त्यावरून ठरत होतं.

आणि इथे आपल्यालाही थोडं आरशात पाहावं लागेल. निठारीतली मुलं जात होती तेव्हा देशाला राग आला नव्हता. झोपडीतलं, पुलाखालचं, वीटभट्टीवरचं मूल हरवलं तर त्याचा फोटो आपल्या ग्रुपवर येतच नाही, कारण त्याचा धड फोटोच काढलेला नसतो. पोलीस ठाण्यात माणूस पाहून वागणूक मिळते, असं आपण म्हणतो. आपला राग तरी माणूस न पाहता येतो का?

घाईत आलेला न्याय

नाल्यातून हाडं निघाल्यावर जे झालं ते तुम्ही ओळखू शकता. बंगल्यावर दगड पडले, लोकांची पोलिसांशी झटापट झाली, चॅनेलच्या गाड्यांची रांग लागली. काही पोलीस बडतर्फ झाले, काही अधिकारी निलंबित झाले. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नेमलेल्या समितीनेही पोलिसांच्या हलगर्जीपणावर बोट ठेवलं. जानेवारी २००७ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. बंगल्याचा मालक आणि त्याचा घरगडी, दोघं अटकेत होते. लोकांना आरोपी मिळाले होते. पुढे खालच्या न्यायालयात फाशीच्या शिक्षाही झाल्या. बहुतेकांच्या मनात गोष्ट तिथेच संपली.

ती संपली नव्हती. १६ ऑक्टोबर २०२३ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं. घरगड्याचा कबुलीजबाब हा खटल्याचा कणा होता, आणि तो घेतला गेला होता तब्बल ६० दिवसांच्या पोलीस कोठडीनंतर. जप्ती आणि पुराव्यांची नोंद ढिसाळ होती. अवयवांच्या व्यापाराची शंका होती, तिचा नीट तपासच झाला नव्हता. तपास यंत्रणांनी लोकांच्या विश्वासाचा घात केला, अशा अर्थाचे कडक शब्द न्यायालयाने वापरले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सुटकेविरुद्धची अपिलं फेटाळली. घरगड्याची एका खटल्यातली शिक्षा तेवढी कायम उरली होती. ११ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली.

आज हिशेब असा आहे. मुलं गेली हे खरं. हाडं सापडली हे खरं. पण कायद्याच्या दृष्टीने त्या मुलांचा मारेकरी कोणीच नाही. सुटलेली माणसं निर्दोष असतील, तर त्यांची आयुष्यातली वर्षं कुणी खाल्ली? आणि मग खरा गुन्हेगार कोण, कुठे आहे? निठारीतल्या एखाद्या आईने हा प्रश्न विचारला तर तिला उत्तर द्यायला आज कुणाकडेही काहीही नाही.

पोलिसांनी तिला दोनदा फसवलं. पहिल्यांदा तक्रार न घेऊन आणि दुसऱ्यांदा तपास नीट न करून. पहिल्या वेळी लोकांचा राग नव्हताच. दुसऱ्या वेळी होता, भरपूर होता, पण त्या रागाला फक्त आरोपी हवा होता. पंचनामा कसा झाला, कबुलीजबाब कुणासमोर घेतला, आरोपीला वकील मिळाला का, हे प्रश्न तेव्हा कुणी विचारले असते तर त्यालाच लोकांनी ‘गुन्हेगारांचा वकील’ म्हटलं असतं. ते प्रश्न न विचारल्यामुळेच वर्षानुवर्षांनी खटला कोसळला. आरोपीचे हक्क पाळणं ही आरोपीवरची मेहरबानी वाटते. प्रत्यक्षात तो मेलेल्या मुलाच्या बाजूने उभ्या केलेल्या खटल्याचा पाया असतो.

हे उत्तर प्रदेशातलं प्रकरण म्हणून सोडून द्यायचं का? तर नाही. आपल्याकडचं बदलापूर आठवा. ते मूल हरवल्याचं प्रकरण नव्हतं, शाळेत चिमुरड्या मुलींवर झालेल्या अत्याचाराचं होतं. पण सुरुवात तीच. तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्ट २०२४ ला हजारो लोक बदलापूर स्टेशनवर रुळांवर उतरले, दिवसभर लोकल बंद होत्या. ते लोक उतरले नसते तर ठाण्यातल्या दिरंगाईची दखल घेतली गेली असती का, ही शंकाच आहे. त्या गर्दीला नावं ठेवणं सोपं आहे, पण तिला रुळांवर आणलं कुणी, हेही विचारायला हवं. मात्र त्याच गर्दीत ‘आत्ताच्या आत्ता फाशी द्या’ अशाही घोषणा होत्या. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असतानाच पोलिसांच्या गोळीने मारला गेला. अनेकांनी पेढे वाटले. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने त्या मृत्यूसाठी पोलिसांनाच जबाबदार धरलं आणि प्रकरण उच्च न्यायालयात गाजलं. या सगळ्यात त्याच्यावरचा आरोप भर न्यायालयात पुराव्यानिशी सिद्ध होण्याची वेळ कधी आलीच नाही. ज्या पोलिसांवर महिन्यापूर्वी आपला काडीचा विश्वास नव्हता, त्यांच्याच गोळीवर आपण आंधळेपणाने विश्वास ठेवला. हे कसं काय?

तुमच्या बाजूने कायदा आहे

निठारीनंतर काही बदललंच नाही, असं मात्र नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आले. ते तुम्हाला माहीत असायलाच हवेत.

पहिला १० मे २०१३ चा, ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवरचा. १८ वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली तर ते अपहरण किंवा तस्करी आहे असं गृहीत धरायचं, गुन्हा नोंदवायचा आणि तपासाला लागायचं, असं न्यायालयाने सांगितलं. ‘आधी बघू, मग नोंदवू’ हा क्रमच उलटा केला. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे द्यायचं, हेही त्यातच आहे.

दुसरा १२ नोव्हेंबर २०१३ चा, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, ती त्यांच्या मर्जीची गोष्ट नाही, असा तो निकाल. लॉ कॉलेजात असाल तर तो तुम्हाला एका मुलीच्या नावाने पाठ असेल. परीक्षेत ते नाव लिहिताना एक गोष्ट आठवत चला. ती मुलगी अशीच नाहीशी झालेली एक अल्पवयीन मुलगी होती आणि तिच्या बापाची तक्रार पोलीस घेत नव्हते, म्हणून तो थेट दिल्लीपर्यंत गेला होता. देशातल्या प्रत्येक तक्रारदाराला मिळालेला हक्क एका हरवलेल्या मुलीच्या बापाच्या पायपिटीतून आला आहे.

म्हणून महाराष्ट्रात आज मोठं माणूस बेपत्ता झालं तर ‘मिसिंग’ची नोंद होते, पण १८ वर्षांखालचं असेल तर अपहरणाचा गुन्हा दाखल व्हायला हवा. अकरावी-बारावीत असाल तर थांबा आणि हेही वाचा: कायद्याने तुम्हीही बालकच आहात. तुमच्या बाकावरची सतरा वर्षांची मैत्रीण घरी परतली नाही आणि कुणी म्हणालं, ‘बॉयफ्रेंड असेल, येईल दोन दिवसांनी’, तर ते वाक्य कायद्यात कुठेही नाही. ती स्वतःच्या पायाने गेली असली तरी तिला शोधणं पोलिसांचं काम आहे. पळून जायला लावणारा माणूस कोण होता, हे सापडल्यावरच कळतं. आणि मुलगी घर सोडून गेली म्हणजे तिच्या जिवाची काळजी करायचं कारण उरलं नाही, हा कुठला न्याय?

‘चोवीस तास थांबा, मग या’ हे दुसरं वाक्य. असा कोणताही नियम नाही. उलट पहिले काही तासच सगळ्यात मोलाचे असतात. तेवढ्या वेळात गाडी राज्याची सीमा ओलांडते, दुकानदार पाहिलेला चेहरा विसरतो, आणि सीसीटीव्हीचं जुनं चित्रण काही दिवसांनी पुसलंच जातं. ‘आमची हद्द नाही’ हे तिसरं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. त्यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळायला हवी, तीही लगेच.

खाकीतली दुसरी माणसं

इतकं वाचून कुणी म्हणेल, पोलीस सगळे सारखेच. तसं म्हणायची सोय नाही. मुंबईत अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात राजेंद्र भोसले नावाचे सहायक फौजदार होते. २००८ ते २०१५ या काळात त्या ठाण्यात मुली हरवल्याच्या १६६ तक्रारी आल्या. त्यातल्या १६५ मुली भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधल्या. उरली एक. जानेवारी २०१३ मध्ये हरवलेली सात वर्षांची मुलगी. २०१५ मध्ये भोसले निवृत्त झाले, तरी तिचा शोध त्यांनी सोडला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली, हरवली होती त्या घरापासून फार दूर नसलेल्या ठिकाणी. साडेनऊ वर्षांनी ती आईला भेटली.

त्यातला एक तपशील तुमच्यासाठी खास आहे. ती जिथे काम करत होती, तिथल्या एका बाईने इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा २०१३ सालचं तिच्या हरवल्याचं पोस्टर सापडलं आणि तिथून धागा घरापर्यंत पोहोचला. म्हणजे एका पोलिसाची चिकाटी आणि एका अनोळखी बाईची माणुसकी, दोन्ही लागली. रेल्वे सुरक्षा दलाच्या रेखा मिश्रा यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर घरातून निघून आलेली शेकडो मुलं हेरून परत पाठवली. राज्य मंडळाच्या दहावीच्या पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर मजकूर आला होता, तुमच्यापैकी काहींना आठवतही असेल.

ही उदाहरणं पोलिसांची बाजू सावरण्यासाठी दिलेली नाहीत. उलट त्यांनी मागणी आणखी कडक होते. एका ठाण्यात १६६ पैकी १६५ मुली सापडू शकतात, तर दुसऱ्या ठाण्यात तक्रारच का लिहिली जात नाही? उत्तराचा एक भाग व्यवस्थेत आहे. ठाण्यातल्या शिपायाला आज मोर्चाचा बंदोबस्त, उद्या मिरवणुकीचा, परवा व्हीआयपीचा. गुन्हा नोंदवला की ठाण्याचा आकडा वाढतो आणि वरून विचारणा होते, म्हणून न नोंदवणारा अधिकारी कागदावर हुशार दिसतो. नोंदवलेले गुन्हे वाढले की ‘गुन्हेगारी वाढली’ अशी आरोळी आपणच ठोकतो. तसं करताना आपण नकळत त्याच अधिकाऱ्याला बळ देतो. गुन्हे नोंदवणाऱ्या ठाण्याला शाबासकी मिळायला हवी, ही मागणी मोर्चात कधी ऐकली आहे का?

विश्वास संपला की काय होतं

पोलिसांवरचा विश्वास पूर्ण उडाला तर काय होतं, हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ असे मेसेज त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर गावोगाव फिरत होते. आठवडी बाजाराचा दिवस होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण गावात आले. जमावाने त्यांना मुलं पळवणारे ठरवलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. पाचही जण निरपराध होते. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेले.

मारणाऱ्यांनाही वाटत होतं की आपण मुलांना वाचवतोय. तेच तर भीतीदायक आहे. कुठलाही फोन करून खात्री करून घ्यावी, पोलिसांना बोलवावं, असं त्या गर्दीला वाटलं नाही. गर्दी स्वतःच पोलीस झाली, न्यायाधीश झाली आणि जल्लादही झाली. निठारीत पोलिसांनी लोकांना ऐकलं नाही म्हणून मुलं गेली. राईनपाड्यात लोकांनी पोलिसांची वाट पाहिली नाही म्हणून पाच बाप, भाऊ, मुलगे गेले. दोन्हीकडे मेले ते भटके, गरीब, ज्यांच्यासाठी बोलणारं जवळ कुणी नव्हतं. असं मेसेज फॉरवर्ड करणारं बोट कुणाचं होतं, हे आजवर कुणी शोधलं आहे का? ते आपल्यासारख्याच कुणाचं तरी असणार.

मग करायचं काय?

मेणबत्ती लावू नका, असं मी म्हणणार नाही. पण ती लावायच्या खूप आधी करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्याला फारसा वेळही लागत नाही.

तुमच्या वस्तीत, तुमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींच्या घरी, तुमच्या चहावाल्याच्या घरी मूल हरवलं, तर त्यांच्याबरोबर पोलीस स्टेशनला जा. हे सगळ्यात मोठं काम आहे. एकट्या अडाणी बापाला परत पाठवणं सोपं असतं. त्याच्याबरोबर लिहिता-वाचता येणारी दोन पोरं शांतपणे उभी असली की ठाणे अंमलदाराचा सूर बदलतो. तिथे आवाज चढवू नका, व्हिडिओ काढायची घाई करू नका. तक्रार लेखी द्या. मुलाचं वय, उंची, अंगावरचे कपडे, शेवटचं कुठे आणि किती वाजता दिसलं, कुणाबरोबर होतं, अलीकडचा फोटो. ‘साहेब, मूल १८ खालचं आहे, अपहरणाचा गुन्हा नोंदवा आणि प्रत द्या,’ एवढंच वाक्य, नम्रपणे, पण प्रत हातात पडेपर्यंत.

नाहीच ऐकलं तर कलम १७३ मध्येच पुढची वाट आहे. पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर पोलीस उपायुक्तांना, तीच तक्रार लेखी पाठवायची. तिथेही दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. तातडीच्या मदतीला ११२ आहे, मुलांसाठी १०९८ आहे. १०९८ ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईतूनच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाली, हे आपल्याला अभिमानाने सांगता येईल. स्टेशनवर, बसस्टँडवर एखादं बावरलेलं एकटं मूल दिसलं तरीही हाच नंबर. स्वतःच्या घरी नेऊ नका, फोटो काढून स्टोरीला टाकू नका, तिथेच थांबा आणि फोन करा.

फोटो फॉरवर्ड करायचा असेल तर आधी पाहा. त्यावर तारीख आहे का, पोलीस ठाण्याचं नाव आहे का? नसेल तर त्यावरच्या नंबरला फोन करून खात्री करा, एका मिनिटाचं काम आहे. ‘टोळी आली आहे’ छापाचा मेसेज असेल तर तुमच्याकडेच अडवा, घरच्या ग्रुपवर काकांनी टाकला असेल तरीही. मूल सापडलं की फोटो सगळीकडून काढून टाका आणि इतरांनाही काढायला सांगा. त्या मुलावर अत्याचार झाला असेल तर त्याची ओळख उघड करणं हा कायद्याने गुन्हा आहे. शिवाय उद्या ते मूल कॉलेजला जाईल, तेव्हा त्याचं नाव टाकल्यावर पहिला तोच फोटो दिसावा, असं तुम्हाला वाटतं का?

आणि शेवटचं, सगळ्यात कंटाळवाणं, म्हणूनच सगळ्यात गरजेचं काम. विचारत राहा. एनएसएसचं युनिट असेल, लॉ कॉलेजचा विधी सहाय्य कक्ष असेल, नुसता कट्ट्यावरचा पाच जणांचा ग्रुप असेल, तुमच्या भागातल्या ठाण्याला वर्षातून दोनदा लेखी विचारा. गेल्या सहा महिन्यांत किती मुलं हरवली, किती सापडली, चार महिने उलटूनही न सापडलेल्यांची प्रकरणं तस्करीविरोधी कक्षाकडे गेली का? माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे. नावं मागू नका, आकडे मागा. कुणीतरी बाहेरून मोजतंय, हे कळलं की आतल्या मोजणीत फरक पडतो.

यात थरार नाही, हे मान्य. अर्ज लिहिण्याचं रील होत नाही आणि ठाण्याच्या बाकावर तीन तास बसण्याला लाइक्स मिळत नाहीत. पण निठारीत जानेवारी २००७ मध्ये जी गर्दी रस्त्यावर होती, तिच्यातली दहा माणसं २००५ मध्ये एका बापाबरोबर चौकीत जाऊन बसली असती, तर नंतरची किती मुलं आज जिवंत असती? आता त्यांच्यासाठी काही करता येणार नाही. ग्रुपवर येणाऱ्या पुढच्या फोटोसाठी येईल. तो आला की फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा, ‘एफआयआर झाला का?’ नसेल झाला, तर रागवायची वेळ तीच आहे.